घरचं काम जुन्या डिस्कवर

भाईंदर पूर्व,
१२ डिसेंबर १९९९

चि. दिपेश,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे मी बरा, काकूचे गुडघे बरे नाहीत. पण ते विचारायला तू थोडाच पत्र लिहितोस! तुला हार्डडिस्क कुठली घ्यावी ते हवंय.

तर ऐक. चिपळुणात स्टुडिओ टाकतोयस, तर पहिल्या दिवसापासून दोन डिस्क घे. एक विंडोजसाठी, दुसरी फक्त शूटिंग उतरवायला. एकीवरच सगळं कोंबलंस तर चित्र उड्या मारेल. 'जुनी आहे, पण चालू आहे' म्हणणाऱ्या दुकानदाराला लांबूनच नमस्कार. नवी आणलीस तरी आठवडाभर ती काठोकाठ भरायची, पुसायची, पुन्हा भरायची. गिऱ्हाइकाचं लग्न त्यानंतर. आणि डिस्क टकटक करायला लागली की त्याच दिवशी काढून टाकायची, जीव लावायचा नाही.

हे सगळं मला तुझ्या ताईच्या लग्नाआधीही ठाऊक होतं.

फेब्रुवारीत माझ्याकडे शूटिंगच्या दोन डिस्क होत्या. एक नवी, एक टकटक करणारी. नवीवर वरसाव्याच्या एका बिल्डरच्या मुलाचं लग्न यायचं होतं. रसिकाचं लग्न मी जुनीवर उतरवलं. घरचं काम, कुठे पळून जातंय? फक्त कन्यादान तेवढं नवीवर ठेवलं. आम्हाला मूल नाही म्हणून दादाने कन्यादानाला मला आणि काकूला बसवलं होतं. "उत्तम, हे पुण्य तू घे," म्हणाला, आणि स्वतः दिवसभर आचाऱ्यापाशी उभा राहिला. मला तेवढा माझा भाग जपायचा होता.

आमच्या धंद्यात शूटिंग डिस्कवर उतरलं की मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरतात. रसिकाच्या पाठवणीच्या कॅसेटवर मी वरसाव्याचं लग्न घेतलं. चार दिवसांनी जुनी डिस्क बसली. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने ती कानाशी धरली नि म्हणाला, "भूल जाओ, भाईसाब."

मंगलाष्टकं, जेवणावळ मी फोटो जोडून भागवली असती. पण दादा एकाही फोटोत नाही. कॅमेरा दिसला की तो पसार व्हायचा, तुला माहीतच आहे. पाठवणीलाच काय तो सापडला होता, रसिकाला गाडीत बसवताना, पोरासारखा रडत. तो गणपतीआधी गेला, तोवर मी 'देतो, देतो' करत होतो. तेराव्याला वहिनीने एवढंच विचारलं, "भावोजी, पाठवणीत हे आहेत ना?"

मी म्हटलं, "आहेत."

त्यानंतर मी जी कॅसेट तुमच्या घरी करून दिली तिच्यात गुलाबी फेट्यातला जो पाठमोरा माणूस गाडीचं दार लावतो, तो दादा नाही. तो वरसाव्याच्या वरातीतला कोणीतरी आहे. सात सेकंद होता. मी वेग कमी करून चौदा केले, वर सनई टाकली.

मला वाटलं होतं, बाईला तेवढाच आधार. पण तुझ्या पत्राखाली वहिनीने चार ओळी लिहिल्यात, त्या तू वाचल्यास का? लिहिते, "रोज दुपारी कॅसेट लावते. पाठमोरे किती बारीक दिसतात हो! तेव्हाच आजार शरीरात शिरला होता. चोवीस तास डोळ्यांसमोर असून मला मेलीला कळलं नाही. तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर आज असते."

दिपेश, तो माणूस जन्माचाच बारीक असेल. दादाने त्या दिवशी भाताचं तपेलं एकट्याने उचललं होतं. वहिनीला खरं सांगितलं तर तिच्या डोक्यावरचा दोष जाईल, आणि नवराही दुसऱ्यांदा जाईल. मी तिला दोनदा पत्र लिहिलं, दोन्ही फाडली. आता हे तुझ्या गळ्यात टाकतोय. काका भेकड निघाला म्हण, मी ऐकून घेईन. पण हे पत्र पोचेल त्या दुपारीही ती कॅसेट लावेल, आणि तू घरात असशील.

डिस्क नवीच घे.

सोबत कन्यादानाची वेगळी कॅसेट पाठवतोय. ती अगदी स्वच्छ आली आहे. माझा चेहरा फार छान दिसतो.

तुझा,
उत्तमकाका