बाबांच्या रेडिओखालचा डबा

दि. ४ जून

चि. धाकटीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र लिहायला भाग पडले, कारण बाबांनी माझा पॉवर सप्लायचा डबा कपाटात टाकला आणि तुझा रेडिओखाली मांडला.

जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाचे हात आता कापतात, म्हणून त्यांच्या रेडिओला लागणारे स्थिर बारा व्होल्ट मी करून दिले. तू चार दिवस आलीस, दुसरा डबा केलास आणि शाबासकी घेऊन गेलीस. अकरा वर्षे त्यांचा चष्मा मी शोधते आहे. पदार्थविज्ञानाची पदवीही माझी. तू फ्यूजलासुद्धा घाबरायचीस. बाबा म्हणतात, थोरलीचा डबा अर्ध्या तासाने रुसतो. तुझ्यात वेगळे काय आहे, ते सरळ लिही. साखर पेरू नकोस.

लोभ आहे. वाढवायचा की नाही, ते उत्तर पाहून.

तुझी ताई

दि. ११ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू ट्रान्सफॉर्मर चोवीस व्होल्टचा घेतलास. कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो, म्हणून त्याचे तिथे तेहतीस होतात. बारा पुढे देऊन उरलेले एकवीस रेग्युलेटरला उष्णता करून जाळावे लागतात. तो तापतो आणि बंद पडतो. मी पंधराचा घेतला. त्याचे कपॅसिटरवर वीस होतात, जाळायला आठच उरतात. बाकी सगळी जुळणी तुझीच, बघून उतरवलेली.

बाबांना हे पहिल्याच दिवशी कळले होते. तिला का नाही सांगितलेत, असे विचारले तर म्हणाले, तिच्या चुका काढल्या तर मला वेळेवर औषध कोण देईल.

आणि ताई, जळायचेच तर मीही जळले. बाबांनी तुझा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला आणि सोल्डरिंगचे माझे डाग तीनदा काढायला लावले. चारही दिवस एकच पालुपद, थोरलीचे डाग बघ.

रागावून का होईना, लिहीत राहा.

तुझी धाकटी

दि. १९ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

चूक माझी. एकदाच लिहिते, जपून ठेव.

तुझा पंधराचा काढून माझ्या डब्यात बसवला. काल दुपारभर रेडिओ चालला. हात लावून पाहिले, नुसता कोमट. बाबांनी आवाज वाढवला.

आज तुझ्या यजमानांच्या हाती दिले ते असे: तुझा डबा एक, ट्रान्सफॉर्मरविना. चोवीस व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर एक, सुटा, जोडू नकोस. बाबांनी तुला लिहिलेली चिठ्ठी एक, मी न वाचलेली.

ताई