डॉल्फिन म्हणजे मासाच

९ जानेवारी, गुरुवार

ब्रिजटाऊनहून परत. चार बेटांची बैठक उत्तम झाली. म्हणजे माझं भाषण उत्तम झालं, बाकीचे बोलले. ठरलं ते असं: चारही बेटांनी मिळून युरोपातल्या एका निधीकडे एकच अर्ज करायचा. सेंट व्हिन्सेंटच्या अळकुड्या आमच्याकडे, आमचे मासे त्यांच्याकडे, आणि मासे टिकावेत म्हणून आमच्या बेल आन्स गावाला बर्फाचं मशीन. आमच्या ग्रेनाडाचा भाग मी लिहिणार. मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी इग्नेशियस टेलेसफर्ड असताना दुसरा कोण लिहिणार?

तांतीला सांगून टाकलं, गुड फ्रायडेच्या आत मशीन धक्क्यावर उभं. तांती अर्सुला माझी सख्खी थोरली बहीण. अख्खं गाव तिला तांती, म्हणजे मावशी, म्हणतं म्हणून मीही म्हणतो. चाळीस वर्षं मासे विकतेय. गुड फ्रायडेला अख्खं बेट मासे खातं, त्या एका आठवड्यावर तिचं आणि धक्क्यावरच्या सगळ्या बायकांचं वर्ष निघतं. ती म्हणाली, बर्फ दिसला की बोलू.

संकल्प: ईस्टरपर्यंत रम बंद. आणि कोणावरही रागवायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

१० जानेवारी, सकाळी

रागावलो. पण कारण होतं.

सेंट व्हिन्सेंटच्या बेक्वे बेटावरचा कॉसमोर ऑलिव्हिएर, तिकडचा समन्वयक, त्याचा फोन. म्हणे अर्जात 'डॉल्फिन' लिहू नका, 'माही-माही' लिहा, युरोपातल्या लोकांचा गैरसमज होतो. कसला गैरसमज? डॉल्फिन म्हणजे मासा. हिरवा-पिवळा, चपट्या कपाळाचा, खवल्यांचा मासा. जानेवारी ते मे आमच्या चुली त्याच्यावर पेटतात. टीव्हीवर रिंगमधून उड्या मारतं ते जनावर वेगळं, त्याला आम्ही पॉरपॉइज म्हणतो आणि त्याच्या वाटेला कोणी जात नाही. त्या जनावराला आमच्या माशाचं नाव ज्यांनी दिलं, त्यांनी बदलावं. माही-माही हा हॉटेलच्या मेनूकार्डावरचा शब्द आहे. माझी आई कधी 'माही-माही तळलाय, जेवायला ये' म्हणाली नाही.

आणि हे शिकवणार कोण? ज्याच्या बेटावर आजही होडीतून जाऊन देवमासे मारतात तो!

रम एकच. औषध म्हणून.

२० जानेवारी

अर्ज पूर्ण. अकरा पानं. काही वाक्यं इतकी जमलीत की इथे उतरवून ठेवतो. 'डॉल्फिन मारणं ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. आमच्या लहान मुलांना डॉल्फिन अतिशय आवडतात, विशेषतः तळलेले. बर्फाचं मशीन मिळाल्यास आम्ही डॉल्फिनची कत्तल तिपटीनं वाढवू शकू.' कत्तल या शब्दाशी जरा अडलो. पण अर्जात जोर हवा.

फोटोला जागा एकच. तांती म्हणाली, माशाचा लाव. मासा काय, कुठलाही मासा माशासारखाच दिसतो. मी माझा लावला, कोटातला.

१४ फेब्रुवारी

वैताग. सगळ्या होड्या एकाच दिवशी भरून आल्या. शहरातला ट्रकवाला दुपारपर्यंत थांबला, मग उरलेला माल पाण्याच्या भावात मागायला लागला. तांतीनं दिला नाही. संध्याकाळी तीस डॉल्फिन तिनं नीरफणसाच्या बुंध्याशी पुरले. मोजून, एकेक.

मी होडीवाल्यांना स्पष्ट सांगितलं, मशीन येईपर्यंत जरा कमी पकडत जा, नियोजन नावाची गोष्ट असते. कोणी ऐकत नाही. तांती पाटी धुऊन घरी गेली. तिच्या न बोलण्याचाही मला राग येतो.

३ मार्च

निधीकडून पत्र! त्यांना आमच्या भागाबद्दल 'तीव्र चिंता' आहे. वर्षाला किती डॉल्फिन मारता, कसे मारता, हे थांबवण्याचा कधी प्रयत्न झाला का, असं विचारलंय. इतकी आस्था! आमच्या स्वतःच्या मत्स्यखात्यानं वीस वर्षांत मला एक प्रश्न विचारला नाही.

लगेच चार पानी उत्तर. होडीत ओढल्यावर काठीनं डोक्यात एकच घाव घालतो, फार तडफडत नाहीत. डोकंही वाया जात नाही, सूप होतं. पिल्लं जास्त कोवळी लागतात. शेवटी लिहिलं, कधी आलात तर स्वतः मारून बघायची सोय करू. पाहुणचारात आपण कमी पडत नाही.

११ मार्च

तळपायाची आग मस्तकात. कॉसमोर पुन्हा. निधीतली बाई म्हणे त्याच्याशी बोलताना रडली. अजूनही एक ओळ लिही, डॉल्फिन म्हणजे माही-माही, सगळं सुटेल.

मी म्हटलं, मी माझी भाषा विकणार नाही.

तो म्हणाला, "इग्नेशियस, तुला बर्फ पाहिजे की शब्द?"

फोन आपटला. सहकार्याला माझा विरोध नाही, पण ते समंजस माणसांशी करावं. कॉसमोरचा नंबर फाडला. मग निधीला माझ्या पद्धतीनं, मोठ्या अक्षरांत एकच वाक्य लिहून पाठवलं: डॉल्फिन हा मासा आहे. आता बोला.

२ एप्रिल

बोलले. 'डॉल्फिन हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, एवढंही आपल्या गावापर्यंत पोहोचलेलं नाही याचं आम्हाला दुःख होतं.' बाकी तिन्ही बेटांचे भाग मंजूर. आमचा कापला. देवमासे मारणाऱ्यांच्या अळकुड्या मंजूर, आणि आम्ही खुनी! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. खाली लिहिलंय की आमच्या गावाच्या प्रबोधनासाठी वेगळं साहित्य पाठवत आहेत.

तांतीला सांगितलं, फाइल शेवटच्या टेबलावर आहे. अगदीच खोटं नाही. टेबल होतं ते शेवटचंच.

रम. मोजली नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

खोकं आलं. धक्क्यावरच आलं, सगळ्यांसमोर. तांती हात पुसत धावत आली. म्हणाली, एवढंसंच असतं का रे मशीन? मी म्हटलं, घरी नेऊन उघडू. तिनं मासे कापायच्या सुरीनं तिथंच उघडलं.

बारा दुर्बिणी. आणि पन्नास रंगीत पुस्तकं, लहान मुलांची, 'डॉल्फिन आपला मित्र'.

मी रागावलो. युरोपवर, खात्यावर, कॉसमोरवर, पोस्टावर. बराच वेळ रागावलो. तांतीनं एक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "तू त्यांना सांगितलंस, आपण याला खातो?"

मी म्हटलं, तसं नाही, मुद्दा तत्त्वाचा होता. ती म्हणाली, "परवा, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, होड्या भरून येतील. मी मासे परत झाडाखाली पुरायचे का?" चाळीस वर्षांत तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी तिच्यावरही रागावलो.

तिनं कॉसमोरचा नंबर मागितला. मी म्हटलं, फाडला. तिनं तो चौकशी करून काढला. दोन मिनिटं बोलली. अर्ज नाही, प्रस्तावना नाही, फोटो नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

दुर्बिणी चांगल्या आहेत, हे मान्य करायला हवं. बेक्वेची बोट सगळ्यात आधी मला दिसली. ओरडून सांगितलं.

कॉसमोर स्वतः आला. त्यांच्या जुन्या मशीनचा बर्फ, पोत्यांखाली दाबून बसवलेला, वर अळकुड्यांची दोन पोती. जाताना मासे नेणार. झालं. मी स्वागताचं भाषण तयार ठेवलं होतं. 'चार बेटांच्या सहकार्याच्या इतिहासात...' इथपर्यंत आलो होतो.

तांती म्हणाली, "बर्फ वितळतोय. ते टोक धर."

धरलं. दुपारपर्यंत उचलतच होतो. चार वाजता धक्क्यावर एक मासा शिल्लक नव्हता. बायका हसत होत्या. कॉसमोर मला एका शब्दानं बोलला नाही, त्यामुळे त्याच्यावर रागवायलाही जागा उरली नाही.

सोसायटीची सभा बुधवारी. विषय: नवीन सेक्रेटरीची निवड. नोटीस मीच लिहायची, कारण माझी भाषा चांगली आहे असं सगळ्यांचं मत पडलं. मसुदा करायला घेतला होता, दोन पानं झालीही होती.

तांती म्हणाली, एका ओळीत लिही.