गालिच्याखालची धूळ

३ फेब्रुवारी १९७४, दौंड
धूळ ओढायचं यंत्र पुन्हा बंद! मोटार घुमते, पण खालचा ब्रश फिरत नाही. उलटं करून पाहिलं — रबरी पट्टा तुटलाय. ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेमसाहेबांकडून घेतलं होतं. आता सुटे भाग कुठून आणायचे?
वन्संना आज दिवसभर धाप. डॉक्टर म्हणाले होते, "धुळीचा दमा आहे, गालिचा काढा." तो काढायला लागू नये म्हणून तर हे यंत्र! गालिचा ह्यांनी रेल्वेत गार्डाच्या नोकरीत असताना आग्र्याहून आणलेला. ते बसायचे तिथला रंग अजून फिका आहे.

४ फेब्रुवारी
सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चढवली. ब्रश फिरला! वन्सं दारातून म्हणाल्या, "वैनी, रेल्वेच्या वर्कशापात नोकरी धर आता." हसता हसता खोकल्या.

५ फेब्रुवारी
घोडचूक झाली. जुन्या पट्ट्याला मध्ये पीळ होता, मी नवा सरळच चढवला. ब्रश उलटा फिरला, धूळ सगळी पुढं उडाली — आणि पुढं रंभावन्सं बसलेल्या. ओठ काळेनिळे. टांग्यातून दवाखान्यात नेलं. इंजेक्शननंतर पहिलं वाक्य, "तुजं काय चुकलं न्हाई गं."

७ फेब्रुवारी
पट्टा पीळ घालून बसवला. आता ओढतं. धूळ साठायची पिशवी विरलीये, मांजरपाटाची दुहेरी शिवली.

१२ फेब्रुवारी
मोटारीतून ठिणग्या. आतले कार्बनचे तुकडे झिजलेले. वाइंडिंगवाल्या बबनरावांनी दुसऱ्या मोटारीचे घासून बसवले. वर म्हणतात, "बाई, एवढ्या खटपटीत चार गालिचे झटकून झालं असतं!"

१५ फेब्रुवारी
वन्सं गावी गेल्या, मांडवगणला. पुतण्या न्यायला आला होता. वन्सं म्हणाल्या, "तिथं सारवल्याली भुई हाय. जरा बरं वाटंल."
हे गेल्यावर मला सोबत म्हणून स्वतःचं घर सोडून आलेली ही नणंद. 'थांबा, गालिचा काढते' — एवढंच म्हणायचं होतं. एसटी सुटेपर्यंत ओठांवरच राहिलं.

१८ फेब्रुवारी
यंत्र उत्तम चालतं. कुणासाठी?

२१ फेब्रुवारी
आज गालिचा उचलला. खाली पिठासारखी धूळ, फरशी दिसेना! मी वरवरच फिरवत होते, आणि वन्सं त्या धुळीवर निजत होत्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत.
अंगणात झटकला, उन्हात टाकला. संध्याकाळी बुद्धविहारात देऊन आले. वाटेत रडू आलं, पण मोकळंही वाटलं. आता त्यांना आणायला जाते.

२४ फेब्रुवारी, मांडवगण फराटा
"गालिचा देऊन टाकला. चला आता घरी."
वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. "दिलास? मला इचारायचं तरी, वैनी. माझ्या भावाचं तेवढंच ऱ्हायलं व्हतं की त्या घरात. तू न्हाणीत गेलीस की तो बसायचा तिथं मी रोज हात फिरवायची. म्हणून तर कवा काढ म्हणले न्हाई."
एवढं सगळं बोलताना त्यांना एकदाही धाप लागली नाही.