तक्त्यातला तुझा रकाना

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय रत्ना,

सलाम आणि जय भीम. होस्टेलच्या खोलीत सकाळी आपण एकमेकींना असंच म्हणायचो, म्हणून सवयीनं लिहिलं. बरी असशील. मीही बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो.

पत्र घेऊन आलेली मुलगी आमरीन, पडेगावची. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. थायरॉइडच्या गाठी दोन्ही बाजूंना आहेत. पोट आवाजावर आहे, आणि मानेवर वण नको असा हट्टही. ती आधी तुझ्याकडेच आली होती. मग दुसरं मत घ्यायला माझ्याकडे आली, आणि मी तिला ठेवून घेतलं.

कसं, ते सांगते. महिन्यापूर्वी डॉक्टरांच्या सभेत मी तो तक्ता दाखवला होता. एका रकान्यात माझी कानामागून केलेली ऑपरेशनं, दुसऱ्यात तुझी, खालच्या ओठाच्या आतून केलेली. तुझ्या रकान्यात आवाज बसलेले दोन पेशंट, माझ्यात एकही नाही. खरं तर त्या तुझ्या अगदी पहिल्या पंधरा केसेस होत्या, हात बसायच्या आधीच्या. त्यांची माहिती तूच विश्वासानं दिली होतीस. माझ्या मात्र मी अलीकडच्या निवडल्या. माझ्या पहिल्या पंधरांत तिघांचा आवाज बसला होता. ती फाइल कपाटातच राहिली. कोणी विचारलंही नाही. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. तुला कळलं होतं, रत्ना. त्या टाळ्या मला अजून झोंबतात.

जळते मी तुझ्यावर. पंचेचाळिसाव्या वर्षी तू पोरांच्या बाकावर बसून ही ओठातून करायची पद्धत शिकायला गेलीस, तेव्हा मी हसले होते. आता माझ्याच वॉर्डातल्या नर्स चंपाबाई सांगतात, "रत्नामॅडमची पेशंट बघितली, कुठं कापलं तेच दिसंना." त्या दिवशी मी औषधांच्या ट्रेचं निमित्त करून त्यांच्यावर ओरडले.

आमरीनलाही मी तोच तक्ता दाखवला. तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्या लेकीची मान असती तर कुणाकडं नेली असती? खरं सांगा."

"माझ्याकडेच ठेवली असती," मी म्हणाले. पापणीही लवली नाही.

खरं हे, की दोन्ही बाजूंच्या गाठी माझ्या पद्धतीनं काढायच्या तर दोन्ही कानांमागे कापावं लागतं, आणि ते मी आजवर दोनदाच केलंय. तू ओठातून दोन्ही बाजू शंभरावर केल्यास. काल तिच्या संमतीचा कागद सहीसाठी पुढे सरकवायचा होता. मला तो सरकवता येईना, म्हणून तिला परत तुझ्याकडे पाठवतेय.

इथवर लिहिलेलं आज आमरीनला वाचायला दिलं. तिनं दोनदा वाचलं.

"तुमच्या दोघींच्या मधी माझा गळा कशाला आणला, मॅडम?"

पत्राची घडी घालत ती म्हणाली, "आता माझ्या ऑपरेशनला तुम्ही तिथं उभं राहायचं. रत्नामॅडम कसं करतात ते बघायचं."

म्हणून विचारते. त्या दिवशी तुझ्या दुर्बिणीचा कॅमेरा धरायला मी येऊ का? ते शिकाऊ पोरांचं काम, माहीत आहे. पुढच्या सभेत दोन्ही फाइली पूर्ण मांडते, तुझी परवानगी असो वा नसो. जळणं त्यानं थांबेलच असं नाही. पण कॅमेरा स्थिर धरीन.

तुझी असिस्टंट,
कहकशा