जंगलवाला गेम अजून चालतो

२० सप्टेंबर २००६, बुधवार
दुकानाच्या माळ्यावर जुना व्हिडिओ गेम सापडला. जंगलवाला. दोन शिपाई, झाडी, डोंगर, शेवटी राक्षसाचा किल्ला. ९५ साली मी आणि जाहिदने तो अकरा वेळा संपवला होता. अख्ख्या बल्लारपुरात दुसऱ्या कोणाला जमलं नाही. निदान माझ्या कानावर नाही.

जाहिद भामरागडकडे शाळेत मास्तर आहे, सात वर्षं झाली. ईदला घरी येतो, मोहल्ल्यात सगळ्यांना भेटतो, माझ्या टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानापर्यंत तेवढा पोचत नाही. गेल्या तीन ईदा असंच. घाईत असतो बिचारा. मला दुसरा मित्र नाही. करावासाही वाटला नाही.

ठरवलं. या ईदला त्याला धरून बसवायचं. एक डाव झाला की सगळं पहिल्यासारखं.

ही वही मराठीत लिहितो. बायको, रशिदा, उर्दू मीडियमची, दोन ओळींत कंटाळते.

२४ सप्टेंबर, रविवार
सेट साफ केला. कॅसेटमध्ये फुंकर मारली. लागला! ती धून ऐकली आणि अंगावर काटा आला. आजच्या कॉम्प्युटर गेममध्ये आहे काय हे? नुसता झगमगाट.

तिन्ही जीव चार मिनिटांत गेले. पहिल्याच स्टेजला. कारण उघड आहे, उडीचं बटण अडकतं.

२६ सप्टेंबर, मंगळवार
बटण बदललं. तरी पहिलीच स्टेज. कालपासून रोजे सुरू, उपाशीपोटी बोटं चालत नाहीत. त्यात लोडशेडिंग. वीज आमच्या जिल्ह्यात बनते आणि पंखे मुंबईचे फिरतात. माणसाने प्रॅक्टिस करायची कशी?

३ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार.
जुना टीव्ही लावला. नव्या टीव्हीवर गोळ्या उशिरा दिसतात, असा माझा अंदाज.

रशिदाला दुसरा कंट्रोलर दिला. गेममध्ये एक सोय आहे. आपले जीव संपले की बटण दाबायचं, जोडीदाराचा एक जीव आपल्याला मिळतो. विचारावं लागत नाही. मी दाबलं. दोनदा. तिचा डाव संपला, मी उभा. ती म्हणाली, हा काय खेळ झाला, मी जपून खेळायचं आणि तुम्ही उडवायचं? म्हटलं, आमचा नियमच होता. जाहिद मागे राहून जीव साठवायचा, मी पुढे घुसायचो. टीमवर्क म्हणतात याला. जाहिदभाईंना चालायचं का, असं तिने विचारलं. एका शब्दाने कधी बोलला नाही तो. तर म्हणे, न बोलणं म्हणजे चालणं नव्हे.

तिला गेममधलं काही कळत नाही. नंतर एकटी खेळून तिसऱ्या स्टेजला गेली. नवख्यांचं नशीब. याची नोंद ठेवायची गरज नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार
दुसरी स्टेज गाठली. प्रगती आहे.

रशिदाचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. उगाच जुनं आठवलं. ९७ साली हे दुकान दोघांनी मिळून काढायचं ठरलं होतं. सोल्डरिंगमध्ये जाहिदचा हात माझ्यापेक्षा बरा, हे मान्य. पण जागा एकाच खुर्चीची निघाली. मी बसलो. त्याला विचारायचं राहिलं. तो डी.एड.ला गेला. तसाही त्याला शिकवायचा शौक असणार. एसटीत चढताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. स्टँडवर धूळ फार असते.

२३ ऑक्टोबर, सोमवार
जाहिद आला. त्याच्या घरी तीनदा निरोप ठेवला. तिसऱ्यांदा स्वतः दारात आला आणि म्हणाला, येतो बाप्पा ईदले, पंधरा मिनिटं. मास्तर झाला तरी बोली आमच्या बल्लारपूरचीच.

पंधरा मिनिटं हे नुसतं बोलायचं. एकदा बसला की उठणार नाही.

२५ ऑक्टोबर, बुधवार. ईद.
आला. शिरखुर्मा अर्धी वाटी घेतला. बसला.

काय खेळतो अजून! कोणत्या झाडाआड कोण आहे, सगळं पाठ. पाचव्या स्टेजपर्यंत त्याचा एकही जीव गेला नाही, वर मिळवलेले वेगळे. माझे संपले होते. बटण दाबलं. मग परत. त्याने एकदा माझ्या अंगठ्याकडे बघितलं, मग परत पडद्याकडे. किल्ल्याच्या दारात त्याचा शेवटचा जीव उरलेला होता. मी तोही घेतला. हात आपोआप गेला, खरंच. पुढच्या उडीला खड्ड्यात पडलो.

म्हटलं, बघ, तीच मजा आहे की नाही? त्याने कंट्रोलर खाली ठेवला, वायर नीट गुंडाळली. म्हणाला, गेम अजूनही मस्त आहे वहाब. पण तुह्यासंग खेळाले मले तवाही मजा नाई वाटे. बाकी कोनाकडे गेम नवता, म्हनून येत होतो.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. रशिदाला सलाम केला आणि गेला. पंधरा मिनिटं झाली नव्हती.

मूड नसेल. प्रवासाने थकला असेल.

२६ ऑक्टोबर, गुरुवार
नाही. थकलेला नव्हता.

माफी मागायची म्हणून सकाळी त्याच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणून बघितलं. जाहिद पहाटेच्याच गाडीने निघून गेला होता. त्याची अम्मी एकटी अंगणात बसली होती. विचारलं, आता कधी येणार? बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं. बकरीदले येतो म्हने, पन वहाबले सांगजो नको म्हने. मग बिचारी ओशाळली. म्हणाली, मी सांगितलं हे कोनाले सांगू नको बाप्पा.

नाही सांगणार म्हटलं. असलं काही सांगायला माझ्याकडे जाहिदच होता.