साफ केलेला चेहरा

ता. ४ मे

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनातून तुझा कान पिळायचाय. फोनवर तू हो मावशी, हो मावशी करून निसटतोस. कागदावर लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं, म्हणून इस्त्री बाजूला उभी करून लिहायला बसलेय. अक्षराला हसू नकोस. मी चौथीत शाळा सोडली, अक्कल सोडली नाही.

तुमच्या कंपनीने काढलेली डिस्क मिळाली. ठोक्याचा शेवटचा कार्यक्रम. त्याच कार्यक्रमानंतर माझा हा भाऊ, तुझा मामा, स्टेजच्या मागे कोसळला आणि दवाखाना यायच्या आत गाडीतच गेला. आता त्याचं ड्रम वाजवणं एवढ्या चकतीतच उरलंय, म्हणून आम्ही सगळी टीव्हीपुढे बसलो. आणि दिसलं काय? तोंड विटेसारखं लाल. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. चेहरा असा सपाट की जणू मीच त्यावरून इस्त्री फिरवली. एकेका हाताचे दोन-दोन हात दिसतात आणि काठी पडते ती उशिरा, झोकांडी गेल्यासारखी. वर दिवे लखलखले की सगळ्या चित्राचे चौकोन चौकोन होतात. गाणारा तेवढा मधेच देवासारखा स्वच्छ.

तो गाणारा पहिल्यापासून सांगत फिरतोय, की ठोक्या त्या दिवशी पिऊन वाजवायला बसला होता. आजवर लोक अर्ध्या कानाने ऐकायचे. आता म्हणतात, डिस्कमध्येच दिसतंय की. भावजयही तेच म्हणते. ठोक्याने लग्नाच्या वेळी तिला शब्द देऊन दारू सोडली होती. ही डिस्क पाहिल्यापासून ती त्याचं नाव काढत नाही. मला म्हणाली, की इतकी वर्षं मी खोटारड्याचा संसार केला. डिस्क लागली की उठून आत जाते.

आणि आई? ती रोज दुपारी तीच डिस्क लावून बसते. म्हणते, बघा कसा हसतोय, माझं पोर हसत हसत गेलं. एकीला दारुडा दिसतो, दुसरीला हसरा दिसतो, आणि मी मधे.

तू तिथे चित्रं दुरुस्त करायचं काम करतोस ना? मग ही काय दुरुस्ती झाली? मला एकच सांग. तो प्यायला होता का?

लोभ असू दे. नसला तरी उत्तर पाठव.

तुझी मावशी


ता. ११ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान आपोआप दुखला. आजीच्या गुडघ्याला आता बरं असेल. आईने तिच्यासाठी तेल दिलंय, येणाऱ्याबरोबर पाठवतो.

चित्राचं सांगतो. कार्यक्रम अंधारात झाला. उजेड सगळा गाणाऱ्यावर आणि मामा मागे. मामावर लावलेला कॅमेरा सगळ्यांत जुना. अंधारात असा कॅमेरा चित्र काढतो तेव्हा त्यावर बारीक वाळू पडल्यासारखी दिसते. आमचे साहेब म्हणतात, गिऱ्हाइकाला वाळू नको, चकचकीत हवं. म्हणून ती वाळू आम्ही मशीनने पुसतो. मशीनला वाळू आणि घाम यातला फरक कळत नाही, सुरकुतीही कळत नाही. ते सगळंच पुसतं.

लाल रंग मामाच्या मागच्या दिव्याचा. डिस्कमध्ये लाल रंग फुटतो आणि आजूबाजूला पसरतो. हातांचं असं, की कॅमेऱ्याने जेवढी चित्रं काढली तेवढी डिस्कमध्ये मावत नाहीत, मग दोन चित्रं एकात मिसळतात. नीट बघितलंस तर बासरीवाल्यालाही वीस बोटं दिसतील. चौकोनही जागा कमी पडते म्हणूनच होतात.

आणि मावशी, मामाचा चेहरा मी दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. स्वतः बसून केला. इतरांवर एक हात फिरवला तर मामावर तीन. आजी बघणार, तर तो छान दिसावा असं वाटलं. तुला आवडला नाही याचं वाईट वाटतं. तो प्यायला होता का ते मला सांगता येणार नाही. मी वाळू बघत होतो.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत जा.

तुझा,
बारक्या


ता. १५ मे

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तीन हात फिरवलेस म्हणे! अरे, कापडाची सुरकुती काढतात. माणसाच्या तोंडाची काढायला तुला कुणी सांगितलं? मी तीस वर्षं इस्त्री करतेय, मलाही कळतं की जास्त फिरवली की कापड चमकतं आणि जळतं. तुला शिकवून साहेब केलं त्याचं हे फळ.

आईला छान दिसावा म्हणून केलंस ते समजलं. तुझं मन वाईट नाही, मला ठाऊक आहे. पण इथे काय झालंय ते तुला दिसत नाही. काल भावजयीने ठोक्याचे सदरे बांधून माझ्या दुकानात आणून टाकले. म्हणाली, कुणालाही देऊन टाका, मला घरात नकोत. धुतलेले, घडी घातलेले. इतके महिने जपून ठेवले होते. मी म्हटलं, एवढ्यावरून? तर म्हणाली, की मेला त्याचं दुःख मी केलं असतं आयुष्यभर, पण तेही खोट्या माणसाचं करू का. माझ्याजवळ पुरावा आहे का?

पुरावा तुझ्याजवळ आहे. ती वाळूवाली चित्रं अजून कंपनीत असतील. ती काढ आणि बघ. वाळू बघू नकोस, तुझ्या मामाकडे बघ. साहेब काय म्हणतात ते मला सांगू नकोस. प्यायला असेल तर तसं लिही, मी ऐकून घेईन. पण आधी बघ.

आईचा गुडघा दुखतोच आहे. तेल पोचलं.

उत्तर लवकर येईल एवढा लोभ ठेव.

तुझी मावशी


ता. २३ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बघितलं. मामाच्या कॅमेऱ्याची मूळ टेप अख्खी बघितली.

मामा प्यायला नव्हता. त्याचा चेहरा लाल नाही, पांढराफटक आहे. घाम नुसता गळतोय, ड्रमवर थेंब पडून उडताना दिसतात. शेवटच्या गाण्यांत डावा हात उचलतच नाही. सगळं उजव्या हाताने वाजवतोय, म्हणून काठी उशिरा पडते. मधे एकदा गाणारा मागे वळून बघतो. मामा मान हलवून नाही म्हणतो. गाणारा बोटाने अजून एक अशी खूण करतो आणि पुन्हा लोकांकडे तोंड करतो. डिस्कमध्ये ते ताल दाखवल्यासारखं वाटतं.

आणि आजीला जे हसू दिसतं ते हसू नाही, मावशी. त्याने दात आवळलेत. मी पुसलं तेव्हा कपाळाच्या आठ्या गेल्या आणि नुसते दात राहिले.

तो तुकडा मोबाइलवर पाठवतोय. आधी तू एकटीने बघ. दुसरं असं, की कंपनी हाच कार्यक्रम नव्याने काढतेय आणि या वेळी तो टीव्हीवरही लागणार आहे. साहेबांपुढे हट्ट धरला. मामाची चित्रं न पुसता आहेत तशी घालायला ते तयार झाले. महिनाअखेर काम बंद होईल, मग पुन्हा कुणी हात लावणार नाही. घातली तर सगळ्यांना खरं दिसेल. आजीलाही दिसेल. मला ठरवता येत नाही. तू सांगशील तसं करीन.

आशीर्वाद असू दे. सध्या फार लागताहेत.

तुझा,
बारक्या


ता. २९ मे

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

एकटीने बघितलं. त्याबद्दल काही लिहीत नाही.

मग भावजयीला दुकानात बोलावलं. शटर अर्धं ओढून इस्त्रीच्या टेबलावर मोबाइल टेकवला. ती बघायलाच तयार नव्हती. म्हणाली, ते लाल तोंड किती वेळा दाखवाल. मी म्हटलं, गप बस आणि बघ. चित्र सुरू झालं तशी तिने पदराने मोबाइलची काच पुसली. तिला वाटलं काचेवर पाणी पडलंय. पाणी त्याच्या तोंडावर होतं. पुसूनही जाईना तेव्हा तिला कळलं. मग ती खाली बसली.

प्यायले नव्हते, असं एकदाच म्हणाली. नंतर विचारलं, की किती वेळ असे होते. मी म्हटलं थोडा वेळ. खोटं बोलले. मी तर रागाने उकळत होते. म्हटलं, आता टीव्हीवर लागू दे, त्या गाणाऱ्याला त्याचं स्वतःचं बोट दाखवते चौकात उभं करून. तिने सदऱ्यांचं गाठोडं उचललं आणि निघाली. मीही तिच्याबरोबर घरी गेले.

आई डिस्क लावूनच बसली होती. एरवी भावजय तडक आत जाते. आज आईजवळ जाऊन टेकली. आई नेहमीसारखी म्हणाली, बघ गं कसा हसतोय. भावजय बघत राहिली. मग म्हणाली, हो, हसताहेत, पहिल्यापासून हसरेच होते. आईने तिचा हात धरला. दोघींनी शेवटपर्यंत बघितलं. मी दारातच उभी राहिले, चप्पल पायात तशीच.

नंतर स्वयंपाकघरात तिने मला सांगितलं, की बारक्याला लिहा, काही बदलू नको. मी भांडले. म्हटलं, लोक त्याला दारुडा म्हणतात आणि तो गाणारा छाती काढून फिरतो. ती म्हणाली, मला कळलं तेवढं पुरे. टीव्हीवर लागलं की शेजारपाजारचे आईंना हाका मारून दाखवतील. तो चेहरा मी बघितला, आईंनी बघायला नको. मी म्हटलं, ही संधी गेली की गेली. म्हणाली, जाऊ दे.

मला पटलेलं नाही. माझं मन एवढं मोठं नाही. पण ठोक्याने शब्द तिला दिला होता, मला नाही. तेव्हा हात लावू नकोस. लाल आहे तर लाल राहू दे. गाणारा सांगत फिरेल आणि आम्ही ऐकून घेऊ.

लोभ आहे, तो कमी होणार नाही. आईने तुला निरोप दिलाय, की बारक्याने ठोक्याचा चेहरा फार सुरेख केलाय, त्याला मुद्दाम कळव. कळवला.

तुझी मावशी