लुबोरचे कान

१२ एप्रिल, शनिवार

लुबोर माझ्या अंगठ्याकडे बघतो.

आज दगडाच्या खाणीत नेमबाजीचा सराव होता. टायमर माझ्या हातात. बटण दाबलं की बीप वाजते, मग समोरच्यानं पिस्तूल काढायचं. एकोणीस वर्षं आम्ही तिघं दर शनिवारी हेच करतोय — मी, लुबोर आणि रादिम. पहिल्या चार वेळा लुबोरचा हात बीपबरोबर हलला. पाचव्या वेळी वाऱ्यानं डोळ्यांत धूळ यायला लागली म्हणून मी त्याच्या बाजूला उभी होते, ती सरकून थेट पाठीमागे गेले. बीप वाजली. लुबोर उभाच. मग मान वळवून म्हणाला, "दाबतेस ना?"

मी म्हटलं, सेल गेले वाटतं.

असं का म्हटलं, माहीत नाही. पुन्हा जुन्या जागी येऊन उभी राहिले आणि या वेळी बटण न दाबता नुसता अंगठा हलवला. त्यानं पिस्तूल काढलं आणि सहा गोळ्या झाडल्या. सगळ्या मधोमध.

रादिम गाडीत खोकी भरत होता. त्याला काही बोलले नाही.

१३ एप्रिल, रविवार

लुबोरच्या तळघरात गेले. वाइनची पिंपं धूत होता. समोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश विचारलं, "किती ऐकू येतं?"

ब्रश खाली ठेवला. "डावा गेलाय. उजवा अर्धा."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील."

"ब्लांकाला माहीत आहे?"

"ती म्हणते, माझं तिच्याकडे लक्ष नसतं. लग्न झाल्यापासून, तेवीस वर्षं म्हणतेय. त्यात नवीन काही नाही."

मग त्याच्या वडिलांचं सांगितलं. म्हातारपणी ठार बहिरे झाले. आधी सगळे ओरडून बोलायचे, मग ओरडायचा कंटाळा आला. शेवटची चार वर्षं त्यांच्या देखत घरातले सगळं बोलायचे — दवाखान्याचा खर्च, मळा कुणाला, ते गेल्यावर खोली कुणाला. "मीही बोलायचो," लुबोर म्हणाला. "सूप पीत बसलेले असायचे मध्ये, आणि आम्ही दोन्हीकडून बोलायचो."

मे महिन्याचा सामना होऊ दे, म्हणाला. मग डॉक्टरकडे जातो. या वर्षी आपण तिघं पहिल्या तिनांत येऊ, शरदातल्या मोठ्या सामन्याला जाऊ. तोवर कुणाला सांगू नकोस.

बरं म्हटलं. त्यानं दोन बाटल्या दिल्या, त्या घेऊन आले.

२६ एप्रिल

सराव. मी त्याला दिसेल अशी उभी राहते. आता अंगठा जरा ठळक हलवते. रादिम म्हणाला, "दाशा, टायमर दाबतेस की ढेकूण मारतेस?"

३ मे, शनिवार

सामना. सहा फेऱ्या. चार फेऱ्यांनंतर आमचा संघ दुसरा. रादिम भूगोल शिकवतो, पण बेरीज त्याचीच पक्की. दर फेरीनंतर तळहातावर आकडे लिहीत होता. मी ठीकठाक. लुबोर नेहमीपेक्षा चांगला. पंच ओताकार स्वतः टायमर धरून होता आणि त्याचा हात लुबोरला दिसत होता.

पाचवी फेरी. पुठ्ठ्याची निशाणं, मध्ये लाकडी भिंत, भिंतीमागे आणखी तीन निशाणं. एकाची फेरी झाली की सगळे पुढे जाऊन भोकांवर चिकटपट्ट्या लावतात आणि मागे येतात. पुढची पाळी लुबोरची. ओताकारनं विचारलं, "सगळे मागे?" मी मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. त्यानं अंगठा दाबला.

रादिम भिंतीमागे होता. शेवटच्या निशाणाचा पाय डुगडुगत होता, तो ठोकत बसला होता.

लुबोरनं डावीकडच्या निशाणावर दोन गोळ्या झाडल्या. भिंतीमागून रादिमचा आवाज आला. ओताकार ओरडला, थांब. पुन्हा ओरडला. आम्ही सगळेच ओरडलो. लुबोरनं पुढच्या निशाणावर दोन झाडल्या. मग आणखी एक, भिंतीच्या कडेच्या निशाणावर. मग तो भिंतीकडे पाऊल टाकणार, तेवढ्यात ओताकारनं त्याचं मनगट खाली दाबून धरलं.

लुबोरचा चेहरा चिडलेला. फेरी बिघडवली म्हणून.

रादिम खडीवर पालथा पडला होता. उठला. दोन्ही गुडघे फुटले होते, बाकी काही नाही. कडेच्या निशाणातून गेलेली गोळी मागच्या मातीत घुसली होती. तो पडला होता तिथून दोन हातांवर.

ओताकार म्हणाला, "ऐकू नाही आलं तुला?"

लुबोर त्याच्या ओठांकडे बघत होता. "आलं," म्हणाला. "भान राहिलं नाही."

थांब म्हटल्यावर न थांबणारा सामन्याबाहेर, तसा नियमच आहे. कागदावर ओताकारनं तेवढंच लिहिलं. भिंतीमागे माणूस होता हे लिहिलं नाही. लिहिलं असतं तर स्वतःचंही नाव लिहावं लागलं असतं. रादिम म्हणाला, "मी ठीक आहे. वाढवू नका." कुणीच वाढवलं नाही.

नंतर टपरीवर तिघांनी सॉसेज खाल्लं. रादिमच्या पँटवर रक्त सुकलं होतं. आम्ही द्राक्षांवर पडलेल्या दहिवराबद्दल बोललो. बराच वेळ बोललो.

४ मे

मागे वळून पाहिलं तेव्हा मी माणसं मोजली नव्हती. नुसतं पाहिलं.

७ मे, बुधवार

औषधांचं दुकान बंद करून ओताकारकडे गेले. त्याच्या बायकोनं कॉफी दिली. ती आत गेल्यावर सांगितलं — लुबोरला ऐकू येत नाही, तो अंगठ्याकडे बघतो.

ओताकार खुर्चीत मागे टेकला. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. मला ते आवडलं नाही. "म्हणजे ते त्यामुळे झालं," म्हणाला.

"तुमचं लक्ष नव्हतं, तेही होतं," मी म्हटलं.

"तू मान हलवलीस, दाशा."

"हो."

कॉफी संपवली. तू सांगितलंस हे लुबोरला कळणार नाही, म्हणाला. मी तसं मागितलं नव्हतं. पण नको असंही म्हटलं नाही.

१२ मे, सोमवार

लुबोर दुकानात. ब्लांकाच्या रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या. गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाला, "ओताकार वाटतो तेवढा बावळट नाही. ओळखलं त्यानं. डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय पिस्तुलाला हात लावायचा नाही म्हणे."

मी चिठ्ठी वाचत राहिले.

"रादिमलाही सांगून टाकलं," तो म्हणाला. "त्याचा हक्कच होता. त्यानं गुडघा दाखवला फक्त." मग म्हणाला, "तू शब्द पाळलास. मला तेवढं पुरे."

गोळ्या बांधून दिल्या. एक रोज सकाळी, जेवणानंतर. ते दोनदा सांगितलं.

२८ मे

लुबोर ब्र्नोला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. दोन्ही कानांसाठी मशीन बनवायला टाकलंय, कधी मिळेल ते नक्की नाही. पिस्तुलाचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बहिरी माणसंही खेळतात. पंचाला आधी सांगायचं. तो खांद्यावर हात ठेवून सुरुवात करून देतो आणि खांदा दाबला की थांबायचं.

एवढंच होतं.

रादिम हसत सुटला. "तीन वर्षं अंगठे चोरत होतास गाढवा, खांदा होता की." लुबोरही हसला, रादिमचे ओठ बघून, जरा उशिरा.

१४ जून, शनिवार

दूरचा सामना, दोन तासांचा रस्ता. लुबोरला खेळता येत नव्हतं, डॉक्टरचा कागद अजून आलेला नाही. तरी आला. मागच्या सीटवर, टोपी कानांपर्यंत ओढून, डोळे मिटून. रादिम गाडी चालवत होता.

मधेच रादिम म्हणाला, "ओताकार आपणहून ओळखणारा माणूस नाही. कुणीतरी सांगितलंय त्याला."

आवाज खाली आणला नव्हता त्यानं. मीही आणला नाही. ही सवय कधी लागली कोण जाणे.

"मी सांगितलं," म्हटलं.

एक गाव गेलं. मग पूल.

"मी नसतं सांगितलं," रादिम म्हणाला.

"भिंतीमागे तू होतास."

"म्हणूनच. ज्याच्या अंगावर येतं त्यानं ठरवावं, सांगायचं की नाही. तू कशाला?" थोड्या वेळानं म्हणाला, "आणि सगळे मागे आहेत म्हणून मान कुणी हलवली, तेही सांगितलंस?"

"ओताकारला माहीत होतं. लुबोरला नाही सांगितलं. त्याला वाटतं सगळं त्याच्यामुळेच झालं."

"वाटू दे?"

मी सीटचा पट्टा सैल केला.

"हे त्याच्या कानावर जायला नको," रादिम म्हणाला. आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं बहुतेक, कारण ओशाळून रस्त्याकडे बघायला लागला.

मग मागून दोन सीटांच्या मधून लुबोरचा हात आला. कागदी पिशवीत चेरी. "खा," म्हणाला. "झाडावरच्या पहिल्या आहेत."

दिवसभर तो माझ्या निशाणांना चिकटपट्ट्या लावत होता. प्रत्येक फेरीआधी मागे येऊन मोठ्यानं माणसं मोजायचा. मी नववी आले, रादिम चौदावा. संध्याकाळी माझ्या दारात उतरवताना लुबोर म्हणाला, "पुढच्या शनिवारी गाडी मी आणतो. साडेसातला तयार राहा. तुझ्याशी बोलायचंय." द्राक्षांबद्दल असेल.

२० जून, शुक्रवार

ब्लांका दुकानात आली. कानाच्या मशीनचे सेल हवे होते.

"मिळालं का मशीन?" मी म्हटलं.

"कधीच! पाच तारखेला बसवलं की. पहिलं पाकीट संपलंसुद्धा. तुम्हाला सांगितलं नाही त्यानं? गेल्या शनिवारी तुमच्याबरोबर घालूनच तर निघाला होता."

सहा सेलचं पाकीट दिलं. उद्या साडेसातला तो येणार आहे.